घराच्या भिंतीवरचा जुना बिडाचा पाइप उतरवताना

सांगलीच्या गावभागात किंवा खणभागात एखाद्या बोळातून जाताना मान वर केली, तर जुन्या घरांच्या मागच्या भिंतीवर काळपट रंगाचा, चार इंची, ठरावीक अंतरावर जाड गळा असलेला पाइप उभा दिसतो. वरच्या मजल्यावरच्या संडासाचा आणि नहाणीचा हा बिडाचा पाइप कोणे एके काळी बसवला गेला आणि नंतर कुणी त्याच्याकडे पाहिलेही नाही. तो कुठे तरी तडकतो, भिंतीवर ओलीचा नकाशा उमटतो, वास येऊ लागतो, आणि मग तो काढून तिथे पीव्हीसीचा पाइप बसवण्याचे ठरते. बसवण्याचे काम कोणताही बरा प्लंबर करतो. जुना पाइप उतरवण्याचे काम मात्र बहुतेक ठिकाणी घण आणि दैव यांच्यावर सोपवले जाते. हे लिखाण त्या उतरवण्यापुरतेच आहे.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो, आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपाने धातूत विखुरलेला असतो. हे पापुद्रे म्हणजे धातूच्या पोटात आधीपासून असलेल्या बारीक चिराच होत. त्यामुळे बीड दाब उत्तम सोसते, परंतु ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या मानाने तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढीच असते; शिवाय पोलादी सळई आधी वाकून जशी सूचना देते, तशी कोणतीही सूचना न देता ते तुटते. किर्लोस्करवाडीला १९१० साली कारखाना उभा राहिल्यापासून या जिल्ह्याला ओतकाम परके राहिलेले नाही, आणि चरकाचे किंवा जुन्या ऑइल इंजिनाचे तुटलेले दातेरी चाक ज्याने हातात घेतले आहे, त्याला त्या तुटलेल्या जागेचा करडा, दाणेदार पृष्ठभाग ठाऊक असतो. पाइप उतरवण्याची सगळी पद्धत या एका गुणावरून ठरते: बीड वाकत नाही, तुटते, आणि तुटले की आपल्या पूर्ण वजनानिशी खाली येते.

ते वजन किती, हे आधी कागदावर मांडावे. चार इंची पाइपाची भिंत सुमारे ५ मिलिमीटर जाडीची धरली, तर सहा फुटी एक नग २० ते २२ किलोचा भरतो, आणि आत वर्षानुवर्षांचा थर साचलेला असेल तर त्याहून अधिक. दोन मजली घराच्या भिंतीवर चार-पाच नग, दोन-तीन टी किंवा वाय (म्हणजे फांदी जोडण्याचे तुकडे), एखादा बेंड (वळणाचा तुकडा) आणि वरचा व्हेंट (हवा जाण्याचा पाइप) एवढा ऐवज असतो. म्हणजे एकूण शंभर किलोच्या वर. वीस किलो हा आकडा जमिनीवर किरकोळ वाटतो, पण पंधरा फुटांवरून सुटलेला वीस किलोचा तुकडा फरशी फोडतो, आणि खाली माणूस असेल तर पुढचे सांगायला नको.

सर्वांत आधी पाइप खरोखर काढायला हवा का, हे तपासावे. माझे मत असे आहे की धडधाकट बिडाचा पाइप केवळ दिसायला वाईट आहे म्हणून काढू नये. तो उन्हाने खराब होत नाही, आगीत वितळत नाही, आणि वरून पाणी सोडले तरी पीव्हीसीसारखा खळखळाट करत नाही. लहान हातोडीने हलकेच ठोकत वरपासून खाली यावे. चांगला नग घंटेसारखा ठणठणतो, तडकलेला बद्द आवाज देतो. एकाच सांध्यातून पाझर असेल तर तेवढा सांधा पुन्हा भरून काम भागते. उभ्या रेषेत लांब चीर गेली असेल, किंवा भिंतीकडची बाजू गंजून पापुद्रे सुटत असतील, तर मात्र पाइप उतरवावाच. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत जी घरे पाण्यात राहिली, तिथे खालचे दोन नग आणि त्यांचे खिळे विशेष बारकाईने पाहावेत. गाळ मागे अडकून राहतो आणि भिंतीकडून गंज लागत जातो.

दुसरी तपासणी अधिक महत्त्वाची आहे. पाइपाला चुंबक लावून पाहावे. बिडाला चुंबक घट्ट चिकटते. पाइप करडा आहे, जाड आहे आणि चुंबक चिकटत नाही, तर तो ॲस्बेस्टॉस सिमेंटचा असण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्या काळातल्या घरांवर असे पाइप पुष्कळ वापरले गेले आहेत. त्याला ग्राइंडर, करवत किंवा हातोडी लावू नये. त्याची धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाऊन वर्षांनंतर गंभीर आजार होऊ शकतात. तसे दिसले तर पुढची कोणतीही कृती त्या पाइपाला लागू नाही असे समजून जाणत्या माणसाला बोलवावे.

सांध्यांची ओळखही याच वेळी करून घ्यावी. खिळ्याने सांध्यावर ओरखडा काढावा. मऊ लागला आणि आतून रुपेरी चमकला तर सांध्यात शिसे ओतलेले आहे, आणि त्याच्या खाली ताग ठासलेला असतो; खरखरीत, करडा चुरा पडला तर सिमेंट आहे. शिशाच्या सांध्यावर ब्लो लॅम्प धरून तो वितळवण्याची जुनी रीत काही जण अजून सांगतात. शिसे ३२७ अंशांना वितळते, तेव्हा रीत चालते हे खरे, पण तिचा धूर विषारी असतो आणि पाइपातला वायू पेट घेऊ शकतो. सांधा उकलण्याची गरजच पडू नये, अशी पद्धत पुढे दिली आहे.

कामाचा दिवस दिवाळीनंतर आणि वळवाच्या आधी कधीही ठरवावा. भिंत कोरडी असते, परांची घसरत नाही, आणि नवा पाइप बसेपर्यंत दोन दिवस उघडे राहिले तरी पाऊस आत येत नाही. वाड्यात एकच पाइप दोन बिऱ्हाडांचा असतो, आणि कधी शेजारच्या घराची नहाणीही भिंतीपलीकडून त्यालाच जोडलेली निघते. म्हणून प्रत्येक नहाणीत रंगाचे पाणी ओतून ते कुठल्या चेंबरमध्ये येते हे पाहावे आणि सर्वांना आदल्या दिवशी कल्पना द्यावी. अपार्टमेंट असेल तर सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी. माझ्या पहिल्या कामात ही चौकशी राहून गेली होती. पाइप अर्धा उतरल्यावर शेजारच्या काकूंनी कपडे धुतल्याचे बादलीभर पाणी वरच्या उघड्या वायमधून आमच्या दोराजवळच्या माणसावर आले. ते साबणाचेच होते, एवढाच काय तो दिलासा.

आदल्या रात्री पाइपातून भरपूर पाणी सोडून त्यामागे ब्लीचिंग पावडरचे पाणी ओतावे. त्याच दिवशी संडास साफ करण्याचे ॲसिड वापरू नये, कारण ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. सकाळी चेंबरचे झाकण उघडून तासभर हवा खेळू द्यावी. मैल्यातून मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू निर्माण होतात. पहिला पेट घेतो, दुसरा माणूस मारतो, आणि तो जास्त प्रमाणात असेल तर त्याचा वास येणेही थांबते. म्हणून कोणत्याही कारणाने, पडलेली छिन्नी काढण्यासाठीसुद्धा, सेप्टिक टँकमध्ये किंवा खोल चेंबरमध्ये उतरू नये आणि मजुराला उतरवू नये. २०१३ च्या कायद्याने असे काम करवून घेणे हा गुन्हाही आहे.

माणसे तीन हवीत: परांचीवर कापणारा, दोरावर एक, आणि बोळात वाट अडवून उभा राहणारा एक. शिडीवर उभे राहून हे काम करू नये. शिडीवर एक हात धरायला लागतो आणि ग्राइंडरला दोन्ही हात लागतात. परांची बांबूची चालेल, पण तिचा भार पाइपावर किंवा त्याच्या क्लॅम्पवर कुठेही येता कामा नये, आणि वर चढणाऱ्याच्या कमरेला सेफ्टी बेल्ट असावा, ज्याचा दोर परांचीला नव्हे तर गच्चीवरच्या भक्कम आधाराला बांधलेला असेल. महावितरणची सर्व्हिस वायर याच भिंतीवरून गेलेली असण्याचा संभव मोठा आहे. ती जवळ असेल तर रीतसर अर्ज करून पुरवठा बंद करून घ्यावा. चष्मा, जाड हातमोजे, मास्क आणि बूट यांवाचून कुणीही पाइपाला हात लावू नये. गंजलेल्या, मैल्याच्या पाइपाने कापले तर जखम साबणाने धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात दाखवावी, आणि धनुर्वाताची सुई वेळच्या वेळी घेतलेली आहे की नाही हे कामाआधीच आठवून पाहावे.

आता प्रत्यक्ष उतरवणे. काम वरून खाली चालते, कधीही खालून वर नाही. खालचा नग आधी काढला की वरचा सगळा भार गंजलेल्या खिळ्यांवर येतो, आणि ते खिळे फक्त पाइप भिंतीला धरून ठेवण्यासाठी होते, उचलून धरण्यासाठी नव्हते.

भिंतीतून येणाऱ्या फांद्या सर्वांत आधी मोकळ्या कराव्यात. संडासाच्या भांड्याचा ट्रॅप, म्हणजे पाणी धरून ठेवणारा वाकडा तुकडा, भिंतीतून बाहेर येऊन टी किंवा वायला मिळतो. ती फांदी जोडलेली असताना मुख्य पाइप बोटभर जरी हलला तरी आतले भांडे तडकते, आणि पाइपाच्या खर्चात भांडे आणि फरशी मिळवली जाते. फांदी भिंतीबाहेर दोन इंच सोडून ग्राइंडरने कापावी. भिंतीत राहिलेला तुकडा नंतर आतल्या बाजूने, लहान छिन्नीने, सावकाश काढता येतो.

मग वरचा व्हेंट. त्याच्या टोकाची जाळीची टोपी बहुधा हातात येते आणि बरेचदा तिच्यात चिमणीचे किंवा मैनेचे घरटे असते. पिल्ले असतील तर काम पंधरा दिवस पुढे ढकलावे. यानंतर दोराची गाठ. उभ्या पाइपात प्रत्येक नगाचा जाड गळा, म्हणजे सॉकेट, वरच्या बाजूला असतो. दोर त्या गळ्याच्या बरोबर खाली दोन वेढे देऊन बांधावा. गळा जाड असल्यामुळे दोर वर सरकून निसटत नाही. दोराचे दुसरे टोक गच्चीवर आडव्या टाकलेल्या पाइपावरून किंवा कप्पीवरून खाली आणून दोरवाल्याच्या हाती द्यावे, आणि त्याने ते एखाद्या खांबाला एक वेढा देऊन धरावे, म्हणजे वजन त्याच्या हातावर नव्हे, घर्षणावर राहते. नायलॉनचा गुळगुळीत दोर गाठ सोडतो, म्हणून काथ्याचा जाड दोर घ्यावा.

दोर ताठ झाला, म्हणजे खरोखरच नगाचा भार त्याच्यावर आला, की मगच क्लॅम्प किंवा कान मोकळे करावेत. जुन्या पाइपांना गळ्याशी ओतीव कान असतात आणि त्यांतून भिंतीत जाड खिळे ठोकलेले असतात. पहारीने ते उपटायचा मोह होतो. पक्क्या विटेच्या सिमेंटच्या भिंतीत ते चालेल, परंतु गावभागातल्या पुष्कळ घरांच्या भिंती मातीतल्या किंवा चुन्यातल्या आहेत, आणि पहारीचा एक हिसका खिळ्याबरोबर दोन विटाही बाहेर आणतो. तिथे खिळ्याचे डोके ग्राइंडरने उडवावे आणि खिळा भिंतीतच राहू द्यावा.

आता कापायचे कुठे, हा या कामातला खरा निर्णय आहे. बहुतेक जण खालच्या नगाचा गळा घणाने फोडून वरचा नग मोकळा करतात. ते जलद होते, पण त्यात खालच्या नगाचा गळा जातो, आणि पुढच्या खेपेस दोर अडकायला जागाच उरत नाही; दोर गुळगुळीत पाइपावर बांधावा लागतो आणि ऐन वेळी सरकतो. म्हणून गळ्याच्या वर तीन-चार इंचांवर कापावे. कापलेला छोटा ठोकळा खालच्या गळ्यात तसाच राहील, राहू द्यावा. शिशाला हात लावण्याचीही मग गरज पडत नाही. चार इंची ग्राइंडर पाच मिलिमीटरची भिंत सहज कापतो, मात्र एका जागी दाब देत न बसता हलक्या हाताने गोल खाच पाडत जावी. ग्राइंडरचे गार्ड काढून टाकण्याची सवय आपल्याकडे सर्वत्र आहे, आणि बिडाच्या कापात चाक अडकून फुटते तेव्हा ती महागात पडते.

मागची, भिंतीकडची दोन-तीन इंच बाजू ग्राइंडरच्या आवाक्यात येत नाही. तिथेच बिडाचा दोष उपयोगी पडतो. पुढून तीन चतुर्थांश खाच झाली की ग्राइंडर बंद करून खाली द्यावा, खाचेत छिन्नी ठेवून दोन-तीन बेताचे ठोके द्यावेत. उरलेला भाग खाचेच्या रेषेतच कट्‌ आवाज करून तुटतो. त्या क्षणी नग दोरावर लोंबकळतो आणि किंचित झोका घेतो, म्हणून कापणाऱ्याने आपले तोंड आणि पाय त्याच्या रेषेबाहेर ठेवलेले असावेत. दोरवाल्याने वेढा सैल करत तो सावकाश खाली सोडावा, आणि खाली वाळूची अथवा भुश्श्याची पोती अंथरलेली असावीत. खालच्या माणसाने लोंबता नग हाताने ओढून घेऊ नये. तो जमिनीला टेकल्यावरच त्याच्याजवळ जावे.

प्रत्येक नग उतरला की खाली राहिलेल्या पाइपाच्या तोंडात गोणपाटाचा बोळा कोंबावा, आणि त्या बोळ्याला सुतळी बांधून तिचे टोक बाहेर ठेवावे. बोळा नसेल तर बिडाच्या कपच्या थेट जमिनीतल्या बेंडमध्ये जाऊन बसतात आणि नवा पाइप पहिल्याच दिवशी तुंबतो. सुतळी नसेल तर तो बोळाच जाऊन बसतो.

टी आणि वाय एका बाजूला जड असतात. त्यांना दोर दोन ठिकाणी बांधावा. जमिनीजवळचा शेवटचा नग पूर्ण काढावा की नाही, हे त्याच्या तब्येतीवर ठरवावे. जमिनीतला बेंड ठणठणीत वाजत असेल तर जमिनीवर अर्धा फूट तुकडा सोडून सरळ, सपाट कापावा आणि तिथे पीव्हीसी जोडण्याचा रबरी कपलर बसवावा. नुसत्या सिमेंटने हा जोड करू नये, कारण पीव्हीसीला सिमेंट धरत नाही. सिमेंटच वापरावे लागले तर पीव्हीसीच्या टोकाला सॉल्व्हंट लावून त्यावर वाळू शिंपडून वाळवावी, म्हणजे पृष्ठभाग खडबडीत होतो. पूर्णपणे भिंतीत गाडलेला पाइप मात्र उकरू नये; दोन्ही तोंडे बंद करून तो तिथेच सोडून द्यावा आणि नवा बाहेरून न्यावा.

नव्या पाइपाविषयी दोनच गोष्टी. संडासासाठी ११० मिलिमीटरचा एसडब्ल्यूआर (मैला, सांडपाणी व पावसाचे पाणी यांसाठीचा) पाइप घेताना तो ‘टाइप बी’ आहे हे छापील अक्षरांत पाहावे. ‘टाइप ए’ पातळ असतो आणि तो पावसाच्या पाण्यासाठी व व्हेंटसाठी आहे. दुकानात न विचारता बहुधा तोच पुढे केला जातो. आणि रबर रिंगच्या जोडात पाइप पूर्ण ठासून मग १० मिलिमीटर मागे ओढावा, कारण एप्रिल-मे महिन्यांतल्या उन्हात तीन मीटरचा पीव्हीसी नग पाच-सहा मिलिमीटर लांबतो आणि जागा नसेल तर धनुष्यासारखा वाकतो.

पूररेषेतल्या घरांसाठी एक पुरवणी. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांची धोका पातळी ओलांडण्याच्या आधीच काही सखल भागांत ते गटारातून उलटे येऊन तळमजल्याच्या नहाणीतून घरात शिरते. पाइप बदलताना नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटे येऊ न देणारी झडप, बसवावा, ही सूचना म्हणूनच योग्य आहे. मात्र तो वरच्या मजल्याच्या आणि तळमजल्याच्या एकत्र लाइनवर बसवला, तर व्हॉल्व्ह बंद असताना वर ओतलेले पाणी बाहेर जाऊ न शकल्याने तळमजल्याच्या नहाणीतूनच वर येते. तळमजल्याची लाइन वेगळी करून व्हॉल्व्ह फक्त तिच्यावर घ्यावा.

उतरवलेले नग धुऊन, वाळवून मगच भंगारात द्यावेत. बिडाचा भाव साध्या लोखंडी पत्र्यापेक्षा वेगळा असतो, म्हणून ते इतर भंगारात मिसळू नयेत. वजन काट्यावर समोर उभे राहून करून घ्यावे, कारण मघाशी मांडलेला हिशेब आपल्याकडे आहेच. कोल्हापूर-शिरोलीकडच्या फाउंड्र्यांत असे भंगार पुन्हा वितळवले जाते. सांध्यातून सुटलेले शिसे निराळ्या डब्यात ठेवावे, मुलांच्या हाती पडू देऊ नये, आणि ते हाताळल्यावर जेवणाआधी हात साबणाने धुवावेत.

भिंतीत राहिलेले खिळे आणि कानांची भोके हे शेवटचे काम असते, आणि नवा पाइप चालू झाला की तेच राहून जाते. खिळ्यांच्या टोकांना गंजरोधक रंग लावून प्रत्येक भोक मातीच्या भिंतीत चुन्याने आणि विटेच्या भिंतीत सिमेंटने रोहिणी नक्षत्राच्या आधी बुजवावे, नाही तर पहिल्या तिरप्या पावसात भिंतीवरचा ओलीचा नकाशा पुन्हा त्याच जागी उमटतो आणि दोष नव्या पाइपावर येतो.